डिसेबिलिटी पेन्शनचं अपील: वाट किती पाहायची?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेत कागदपत्रांचं काम तू अंगावर घेतलंस, बरं केलंस. आता येणारा प्रत्येक हवालदार, नाईक पहिल्यांदा एकच विचारील, "अपील टाकलंय, निकाल कधी लागंल?" त्याला महिन्यांचा आकडा सांगू नकोस. एखाद्याचं उत्तर लवकर येतं, एखाद्याचं वर्ष उलटलं तरी येत नाही. आपण सांगू शकतो ती मुदत: कुठली तारीख मोजायला घ्यायची आणि ती कधी संपते.

सेवेमुळे अपंगत्व आलेल्या जवानाची डिसेबिलिटी पेन्शन नाकारल्याचं पत्र रेकॉर्ड ऑफिसकडून, म्हणजे त्याच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडून येतं. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांना बेळगावहून, तोफखान्यातल्यांना नाशिक रोडहून. पत्र हाती पडल्यापासून ६ महिन्यांत पहिलं अपील करायचं, तेही रेकॉर्ड ऑफिसमार्फत. पुष्कळजण अर्ज थेट पेन्शन देणाऱ्या लेखा कार्यालयाला धाडून मोकळे होतात आणि महिने तिथेच जातात. पहिलं अपील फेटाळलं, तर पुन्हा ६ महिन्यांत दुसरं, वरच्या कमिटीकडे. त्यानंतर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे सैनिकांच्या सेवेचे आणि पेन्शनचे खटले चालवणारं न्यायाधिकरण.

उत्तरच आलं नाही तर? इथेच बहुतेकांचं नुकसान होतं. ट्रिब्युनलच्या २००७ च्या कायद्यातली कलम २१ आणि २२ नीट वाच. अपील करून ६ महिने झाले आणि निर्णय आला नाही, तर तो उपाय संपला असं कायदा धरतो आणि ट्रिब्युनलचं दार उघडतं. तिथे जायला पुढचे ६ महिने मिळतात. समजा, अपील १० जानेवारीला दाखल झालं. १० जुलैपर्यंत थांबायचं, आणि पुढच्या वर्षीच्या १० जानेवारीच्या आत ट्रिब्युनलमध्ये अर्ज दाखल करायचा. निर्णयाचं पत्र आलं असेल, तर त्या निर्णयापासून ६ महिने. मधल्या काळात पाठवलेल्या स्मरणपत्रांनी मुदत एका दिवसानेही वाढत नाही. दर दोन महिन्यांनी स्मरणपत्र टाकून निवांत बसणारी माणसं तुला भेटतील. त्यांना जागं कर.

म्हणून अपील कधी पोचलं याचा पुरावा हवा. स्पीड पोस्टाची पावती कोऱ्या कागदावर चिकटवून झेरॉक्स काढ, कारण तिची शाई उडते. पोच झाल्याचं ट्रॅकिंग दिसलं की त्याच दिवशी प्रिंट काढ, नंतर ते मिळेलच असं नाही. प्रत्येक फायलीच्या पहिल्या पानावर तीन तारखा लिही: नकाराचं पत्र कधी मिळालं, अपील कधी पोचलं, मुदत कधी संपते. रेकॉर्ड ऑफिसने त्रुटी काढल्याचं पत्र जुन्या पत्त्यावर जाऊन परत गेलं, असंही होतं. तेव्हा पत्ता, मोबाइल आणि स्पर्शवरची (संरक्षण पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल) माहिती आधी तपास.

आता अपिलात काय लिहायचं. "गरीब आहे, दया करावी" एवढ्यावर काही होत नाही. रिलीज मेडिकल बोर्डाचा (सेवेतून सोडताना तपासणी करणारं डॉक्टरांचं मंडळ) फॉर्म, एएफएमएसएफ-१६, हातात आल्याशिवाय एक ओळही लिहू नकोस. तो नसेल तर माहिती अधिकारात माग: १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. अर्ज मात्र जवानाच्याच नावे आणि सहीने कर. वैद्यकीय कागद दुसऱ्याच्या नावाने मागितले की खाजगी माहिती म्हणून नाकारतात.

फॉर्ममध्ये दोन गोष्टी शोध. एक, टक्के. पेन्शनसाठी अपंगत्व किमान २० टक्के लागतं. त्याहून कमी दिलं असेल तर भांडण टक्क्यांचं आहे, ऑडिओमेट्री, एक्स-रे, एमआरआय असे रिपोर्ट जोडावे लागतात. दोन, अपंगत्व सेवेमुळे आलं किंवा सेवेमुळे वाढलं का, या रकान्यातलं उत्तर आणि त्याखालचं कारण. ब्लड प्रेशरच्या केसमध्ये नेहमीची ओळ सापडेल: आजार पीस स्टेशनवर (शांत भागातली छावणी) सुरू झाला, फील्ड, हाय अल्टिट्यूड किंवा सीआय ऑप्सशी (दहशतवादविरोधी मोहिमा) जवळचा संबंध नाही. त्या ओळीला मुद्देसूद उत्तर दे. भरतीच्या मेडिकलमध्ये या आजाराची नोंद होती का? नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल लाव. भरतीवेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळेच आला असं गृहीत धरायचं आणि तसं नाही हे सरकारने दाखवायचं, असं तो सांगतो. बोर्डाने कारणं दिली पाहिजेत, हेही त्यातच आहे. मग पोस्टिंगचा क्रम मांड: कुठे, किती काळ, लो मेडिकल, म्हणजे वैद्यकीय श्रेणी खाली, कधी झाला. फील्डमधून आल्यावर काही महिन्यांतच प्रेशर निघालं असेल, तर दोन्ही तारखा शेजारी-शेजारी लिही.

एक आधी पाहून घे: डिस्चार्जची तारीख. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे एंटायटलमेंट रूल्स, म्हणजे ही पेन्शन कुणाला लागू होते ते ठरवणारे नियम, आले. त्यानंतर निवृत्त झालेल्याच्या अपिलात जुन्या नियमांचा मजकूर उतरवलास तर तो उपयोगाचा नाही.

पैशाचा हिशोब घरच्यांना समजावून सांग, म्हणजे ते मधेच कंटाळणार नाहीत. १०० टक्के अपंगत्वाला डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के. वेतन ४०,००० असेल तर १२,०००. म्हणजे २० टक्क्यांना २,४००. ब्रॉड बँडिंग, म्हणजे टक्के वरच्या टप्प्याला नेणं, मिळालं की ५० टक्क्यांच्या आतलं अपंगत्व ५० धरतात आणि तेच ६,००० होतात, वर महागाई भत्ता. नोकरीची मुदत पूर्ण करून घरी आलेल्यांनाही हा लाभ आहे, असं सर्वोच्च न्यायालयात राम अवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ ला ठरलं. तरी ट्रिब्युनलच्या अर्जात ही मागणी वेगळी लिहायचीच.

पंधरा वर्षांपूर्वी नकार मिळालेले आजोबाही येतील. त्यांना परत पाठवू नकोस. पेन्शनचा अन्याय दर महिन्याला नव्याने घडतो, असं न्यायालयं मानतात, त्यामुळे उशीर माफीच्या अर्जासह जाता येतं. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या तर्सेम सिंग निकालावर (२००८) बोट ठेवून थकबाकी अनेकदा अर्जाआधीच्या ३ वर्षांपुरतीच देतात. आणखी एक वर्ष घरी बसले, तर त्या वर्षाचे पैसे गेले.

महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी ट्रिब्युनलचं बेंच मुंबईत आहे. निवृत्त माणूस राहतो त्या ठिकाणच्या बेंचकडे जाऊ शकतो, रेकॉर्ड ऑफिस कुठे आहे याने अडत नाही. थकबाकीत टक्केवारी मागणाऱ्या एजंटाच्या कोऱ्या वकीलपत्रावर कुणाला सही करू देऊ नकोस; आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचार.

निकाल बाजूने लागला तरी वाट संपत नाही, हे आधीच सांगून ठेव. सरकारी मंजुरी, रेकॉर्ड ऑफिस, मग प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयाकडून सुधारित पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश), आणि मग स्पर्शवर रक्कम. आदेशाची प्रमाणित प्रत आपणच रेकॉर्ड ऑफिसला पाठवायची आणि आदेशात दिलेली मुदत त्याच पहिल्या पानावर चौथी तारीख म्हणून लिहायची. ती टळली की अंमलबजावणीचा अर्ज. सरकार उच्च न्यायालयात गेलं, तर आदेशाला स्थगिती मिळाली आहे का ते आधी विचार. नुसती याचिका दाखल झाली म्हणून आदेश थांबत नाही.