आरए व्हायचंय? आधी दार वाजवायला शिक

"ताई, अमेरिकेत वसतिगृहात आरए झालं तर खोलीभाडं वाचतं म्हणे. पण देशोदेशीच्या पोरांना मी कसा सांभाळणार?" असं तू विचारलंस. आरए म्हणजे रेसिडेंट असिस्टंट, वसतिगृहात आपल्या मजल्यावरच्या पोरांकडे लक्ष देणारा विद्यार्थी. मी दोन वर्षं हे काम केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

पैशाचं आधी. बहुतेक ठिकाणी खोली फुकट मिळते, काही ठिकाणी जेवणही. गेल्या गेल्या सहसा घेत नाहीत, अर्ज पुढच्या वर्षासाठी भरायचा. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. त्यात हेही धरतात, तेव्हा जोडीला लायब्ररीतली नोकरी घेण्याआधी तास मोज.

आता सांभाळण्याचं. आपण सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो, एकाच बोळात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी ऐकत. मला वाटलं, हे तर आपल्या अंगातच आहे. मग मार्चमध्ये मी मजल्यावर सगळ्यांसाठी संध्याकाळी सहाला पिझ्झा मागवला. एक मुलगी दारापर्यंत आली, हसली आणि रिकाम्या हातानं परत गेली. रमजान चालू होता, सूर्य सातनंतर मावळायचा. घरी मशिदीतली बांग ऐकून रोजा सुटल्याचं आपल्यालाही कळायचं. तिथं कानावर काहीच पडत नाही, विचारावंच लागतं. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले, माफी मागितली. पुढच्या जेवणाची वेळ आणि पदार्थ तिनंच ठरवले.

तेव्हा आपली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आठवली. मिरवणुकीतल्या सात उंच सजवलेल्या काठ्या, म्हणजे नंदीध्वज, आणि त्यांना वेगवेगळ्या समाजांचा मान. तिथं पाहुणा म्हणून कुणी येत नाही, प्रत्येकाकडे काही ना काही काम असतं. मजल्यावरही नुसतं आमंत्रण देऊ नकोस, काम वाटून दे. गप्प राहणाऱ्याला आधी विचार.

ऑगस्टच्या प्रशिक्षणात दारांवर लावायला नावांच्या पट्ट्या करायला सांगतात. यादीतलं नाव उतरवून मोकळा होऊ नकोस. पोरं आली की दार वाजवून विचार, "तुला काय म्हणू?" कागदावरचं नाव आणि हाक मारायचं नाव पुष्कळांचं वेगळं असतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव. रात्री कुणी रडत येईल आणि म्हणेल, "कुणाला सांगू नकोस." आपल्याकडे लगेच "माझ्यापाशीच राहील" म्हणायची सवय असते. तसा शब्द देऊ नकोस. लैंगिक छळाची गोष्ट असेल तर आरएला ती सहसा विद्यापीठाला कळवावीच लागते. हे त्यानं बोलायच्या आधी सांग, म्हणजे काय सांगायचं ते त्याच्या हातात राहतं. समुपदेशकाचा नंबर जवळ ठेव.

आणि हो, शेंगाची चटणी जरूर ने, पण घट्ट झाकणाच्या डब्यात. मजल्यावर कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे विचारल्याशिवाय सामाईक स्वयंपाकघरात तो डबा उघडू नकोस.