विक्कावाला गार्डनर आणि आपल्याकडची डाकीण

प्रश्न : ताई, माझी मामेबहीण पुण्याला हॉस्टेलवर राहते आणि आता स्वतःला विच म्हणवते. विक्का का काय ते, मेणबत्त्या लावते, पौर्णिमेला गच्चीवर जाऊन बसते. मामीला कळलं तर काही खरं नाही. इकडे धडगावकडे बाईला डाकीण म्हटलं की तिला गाव सोडावं लागतं आणि ही हौसेने म्हणवून घेते! हे काढलं कोणी? खरंच इतका जुना धर्म आहे का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : जुना बिना काही नाही गं, तुझ्या आजीच्या वयाचा असेल फार तर. काढणारा जेराल्ड गार्डनर, इंग्लंडचा, जन्म १८८४ चा. घरचा लाकडाचा मोठा धंदा, पण पोराला दमा, म्हणून दाईसोबत गरम देशांत हिंडवायचे, शाळा अशी झालीच नाही, वाचायला आपलं आपण शिकला. पुढे सिलोनला चहाच्या मळ्यावर, मग बोर्निओ, मलायात रबर, शेवटी तिथेच कस्टममध्ये नोकरी. नाद एकच, हत्यारं! मलायातल्या नागमोडी पात्याच्या खंजिरावर १९३६ ला पुस्तक लिहिलं पठ्ठ्याने. आता बघ, विक्काच्या विधीत काळ्या मुठीची सुरी लागते, कापायला नाही, तिने हवेत वर्तुळ आखायचं असतं. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

रिटायर होऊन इंग्लंडला आला आणि म्हणायला लागला की १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट भागातल्या चेटकिणींच्या एका जुन्या गटाने मला दीक्षा दिली, हा ख्रिस्ती धर्माच्या आधीचा धर्म आहे वगैरे. धर्म इतका जुना आहे हे इतिहासकार मानत नाहीत. बरंचसं फ्रीमेसन या गुप्त विधी पाळणाऱ्या मंडळातल्या लोकांच्या विधींतून आणि अलिस्टर क्राउली या जादूविद्येवर लिहिणाऱ्या इंग्रजाच्या लिखाणातून उचलून गोधडीसारखं जोडलेलं. १९५३ ला डोरीन व्हॅलिएंटे नावाची बाई त्यात आली, तिने क्राउलीच्या ओळी बरोब्बर ओळखल्या आणि बराच मजकूर नव्याने लिहून काढला. आज लोकांना जे आवडतं त्यातलं पुष्कळ तिचं आहे. पण नंतर वाद झाला तेव्हा गार्डनरने अचानक ‘प्राचीन नियम’ काढून दाखवले, त्यात काय, तर पुजारीणबाईने वय झालं की तरुण बाईसाठी जागा सोडावी! डोरीन १९५७ ला निघून गेली, बरंच केलं.

हे सगळं त्याला उघड बोलता आलं कारण इंग्लंडमधला १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ ला रद्द झाला, मग १९५४ ला पुस्तक आणलं. १९६४ ला बोटीवर प्रवासात वारला, ट्युनिसला पुरलाय.

धडगावचं म्हणशील तर तिथे बाई काही म्हणवून घेत नाही, कुणाचं लेकरू आजारी पडतं, गाय मरते, भगत बोट दाखवतो आणि संपलं. बऱ्याचदा मागे जमिनीचं भांडण असतं. करणी करते म्हणून बाईला छळणं हा आपल्याकडे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, ६ महिने ते ७ वर्षं शिक्षा आहे, गावात कुणावर अशी वेळ आली तर सरळ पोलिसात जायचं.

मामीला आत्ताच काही सांगू नको. बहिणीला मात्र विचार, ती सुरी आणली असेल तर ठेवलीय कुठे, कारण रेक्टरच्या हाती लागली तर गार्डनर कोण होता हे तिथे कुणी ऐकून घेणार नाही.