टेबल सॉचे हँडल जड का फिरते?

प्रश्न : माझे कोल्हापुरात फर्निचरचे छोटे वर्कशॉप आहे. टेबल सॉचे, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल विजेच्या करवतीचे, पाते वर-खाली करण्याचे हँडल पावसाळ्यापासून फार जड फिरते. ग्रीस भरले की आठवडाभर बरे चालते, मग पुन्हा तेच. काय करावे?

उत्तर : दुखण्याचे मूळ बहुधा आपल्या ग्रीसमध्येच आहे. पाते उचलणारा वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला दांडा) आणि त्यात अडकणारा दातेरी गिअर टेबलाखाली थेट भुशाच्या माऱ्यात असतात. ओल्या ग्रीसला भुसा चिकटतो, पाइनसारख्या लाकडाची राळ त्यात मिसळते आणि दात्यांच्या खाचांत लाखेसारखा कडक थर बसतो. आपल्याकडच्या पावसाळी हवेत गंज चढतो तो वेगळाच.

प्लग काढून, पाते उतरवूनच आत हात घालावा. हँडलच्या मध्यभागी लॉकची चकती असल्यास ती पूर्ण सैल आहे ना, हे आधी पाहावे. क्षुल्लक वाटते, पण पुष्कळदा तीच अर्धवट आवळलेली असते. नंतर भुसा झटकून, थोडे टर्पेंटाइन लावून थर मऊ होऊ द्यावा आणि पितळी तारेच्या ब्रशने प्रत्येक खाच घासावी. यंत्रणा एकदा अगदी खाली व एकदा अगदी वर नेल्याशिवाय सगळे दाते नजरेस पडत नाहीत. टर्पेंटाइन पेट घेते, म्हणून जवळपास बिडी-काडी नको.

सर्व कोरडे झाल्यावर ग्रीसऐवजी पेस्ट मेण किंवा ग्रॅफाइटची पूड लावावी. एवढे करूनही हँडल ठरावीक जागीच अडत असेल, तर दाता दुखावला आहे किंवा दांडा वाकला आहे. तेव्हा जोर न लावता उद्यमनगरातील एखाद्या जाणत्या फिटरला दाखवावे.