तो लाल ठिपका इतका लांबचा आहे हे कशावरून?

तुमचा प्रश्न असा: जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या फोटोतला इवलासा लाल ठिपका म्हणजे विश्वाच्या बालपणातली दीर्घिका, हे कशावरून ठरवतात? आणि ती सोलापुरातून दिसेल का?

दिसणार नाही. पण ती सापडली ती जागा दिसते. गड्डा यात्रेच्या दिवसांत, संक्रांतीच्या आसपास, रात्री आठ-साडेआठला दक्षिणेकडे तोंड करा. मृगाच्या उजवीकडे, क्षितिज आणि डोक्यावरचा बिंदू यांच्या साधारण मध्यावर जो ओकाबोका पट्टा आहे, तिथे अश्मंत तारकासमूह आहे. २०२४ साली जाहीर झालेली जेड्स-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका तिथलीच. तिचा प्रकाश निघाला तेव्हा महास्फोटाला, म्हणजे विश्वाच्या जन्माला, जेमतेम ३० कोटी वर्षं झाली होती.

आता अंतराचं. त्या काळी दीर्घिकांभोवती हायड्रोजन भरलेला होता आणि १२१.६ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा अतिनील प्रकाश तो गिळून टाकायचा. विश्व प्रसरण पावतं तशी प्रकाशाची तरंगलांबीही ताणली जाते. इथे ती सुमारे १५ पट ताणली, म्हणजे ही सीमा १.८५ मायक्रॉनवर, थेट अवरक्तात गेली. त्यामुळे ठिपका एका फिल्टरमध्ये ठळक, तर आखूड तरंगांच्या फिल्टरमध्ये साफ गायब. कुठे गायब झाला त्यावरून अंतराचा अंदाज येतो.

अंदाजच, बरं का! २०२२ मध्ये सीर्स-९३३१६ नावाचा ठिपका असाच महास्फोटानंतरच्या २५ कोटी वर्षांमधला वाटला होता. वर्णपट घेतल्यावर, म्हणजे त्याचा प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून पाहिल्यावर, तो निघाला सुमारे १२० कोटी वर्षांनंतरचा. धुळीमुळे आलेली लाली, त्यात ऑक्सिजन-हायड्रोजनच्या तेजस्वी रेषा नेमक्या नको त्या फिल्टरमध्ये पडलेल्या. फसायला एवढं पुरेसं होतं. म्हणून 'सर्वांत दूरची दीर्घिका' अशी बातमी आली की मी आधी वर्णपट घेतलाय का ते बघतो.

अश्मंतातल्या दीर्घिकेचा वर्णपट वेबनेच घेतला. पुढे चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणींना तिच्यात ऑक्सिजन सापडला आणि अंतर आणखी पक्कं झालं. ऑक्सिजन पसरायचा तर मोठे तारे जन्मून मरायला हवेत. एवढ्यात तेही उरकलं होतं, हे मला अंतरापेक्षा जास्त चक्रावणारं वाटतं. सर्वांत दूरची असण्याचा तिचा विक्रम २०२५ मध्ये मॉम-झेड१४ या दीर्घिकेने मोडला, तोही वर्णपटासकट.

नुसत्या डोळ्यांनी दीर्घिका बघायचीच असेल तर याच दिवसांत, अमावास्येच्या सुमारास, रात्री त्याच वेळी सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाकडे जा. वायव्येला देवयानी दीर्घिका धुरकट डागासारखी दिसते, अंतर २५ लाख प्रकाशवर्षं. शहराचा उजेड तुमच्या पाठीमागे राहील.