गिऱ्हा रंकाळ्यातच राहू द्या

प्रश्न : मी आणि माझा भाऊ मिळून कोल्हापूरवर एक कॉमिक करतोय. नायिका अक्का रात्री खानावळ आवरून भुताखेतांची भांडणं मिटवते. 'ट्रेसे' या फिलिपिनो कॉमिकवरची मालिका बघितल्यापासून आमच्या कॉमिकचीही ॲनिमेशन मालिका व्हावी असं फार वाटतं. पण ओळखीचे एक निर्माते म्हणतात, जगभर चालायचं तर गावाचं नाव काढा, मुंजा-गिऱ्हा बाहेर कुणाला कळणार नाहीत. सोबत चार पानं पाठवली आहेत.
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : गावाचं नाव मुळीच काढू नका. बजेट टॅन यांनी लिहिलेलं आणि काजो बाल्दिसिमो यांनी चितारलेलं 'ट्रेसे' २००५ साली चक्क झेरॉक्स प्रतींवर सुरू झालं. जून २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर त्याचे सहा भाग आले, तेव्हाही शहर मनिलाच होतं. बलेते ड्राइव्ह हा तिकडचा खराखुरा रस्ता, पांढऱ्या कपड्यांतल्या, आपल्या हडळीसारख्या एका बाईच्या भुतासाठी बदनाम. तो नावानिशी मालिकेत आला. आस्वांग, टिकबालांग ही तिकडची भुतंखेतं इंग्रजी आवाजातही आपापल्या नावानंच वावरतात.

त्यातला नुनो मला फार आवडतो. लोककथेत तो वारुळात राहणारा म्हाताराबाबा, कॉमिकवाल्यांनी त्याला मॅनहोलमध्ये बसवला. नायिका अलेक्झांड्रा ट्रेसे रस्त्यावर वाकते, त्याला खाऊ देते, बातमी काढून घेते. नुनो कोण, याचं व्याख्यान कुणी देत नाही. ती त्याच्याशी जशी वागते त्यावरूनच परक्या माणसालाही समजतं की हा खबऱ्या आहे आणि याला दुखवून चालणार नाही.

तुमच्या तिसऱ्या पानावर गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, रंकाळा तलावातल्या संध्यामठापाशी वर येतो आणि लगेच अर्धं पान त्याची माहिती! ती चौकट काढून टाका. मठाच्या दगडी खांबांना पाणी चढलंय, अक्का काठावर तांबड्या रश्श्याची वाटी ठेवते, पाठ फिरवते. पाणी हलतं. वाटी रिकामी. एवढ्यात सगळं आलं. भावाला सांगा, वाटीवरचा रश्श्याचा ओघळ तेवढा नीट काढ.

बदलायची ती बांधणी. 'ट्रेसे'ची सुरुवातीची प्रकरणं बरीचशी सुटी होती. मालिकेत ती एकात एक गुंफली आणि मागे अलेक्झांड्राच्या वडिलांच्या काळातलं वैर उभं केलं. तुमचीही प्रकरणं सुटी आहेत. अक्काच्या आईचा उल्लेख पहिल्या पानावर येऊन विरून जातो, तिची गोष्ट सगळ्या प्रकरणांच्या मागे उभी करून बघा. दुसरं म्हणजे रंग. काळ्या शाईत अंधार आपोआप मिळतो. रंगीत पडद्यावर प्रत्येक दिव्याचा उजेड ठरवावा लागतो. खानावळीतल्या पिवळ्या बल्बपासून सुरुवात करा.

भाषेची काळजी नको. 'ट्रेसे'ला फिलिपिनोत लिझा सोबेरानोचा आवाज आहे, इंग्रजीत शे मिचेलचा. अक्का मराठीत 'काय करालाईस?'च म्हणू दे, इतर भाषांचं डबिंग वेगळं होईल.

आणि सही करण्याआधी करार वकिलाला दाखवा. हक्क किती वर्षांसाठी आणि कोणत्या देशांसाठी, हे त्यात लिहिलेलंच हवं. आपल्या कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कॉमिक पुढे चालू ठेवण्याचा हक्क मात्र तुम्हा दोघांकडेच राहील असं स्पष्ट लिहून घ्या, आणि भावाचं नाव चित्रकार म्हणून पहिल्याच पानावर टाका. या चार पानांवर ते कुठंच नाही.