टेप त्याच्याकडे आहेत म्हणून गाणी त्याची होत नाहीत

प्रश्न : खानापूर तालुक्यातले एक वाचक लिहितात : कॉलेजात असताना आम्हा चौघांचा मराठी रॉक बँड होता. 1998 ते 2000 मध्ये बेळगावात शहापूरच्या एका घरगुती स्टुडिओत डेमो केले, गणेशोत्सवात वाजवलं, मग बँड मोडला. तेव्हाचा रेकॉर्डिस्ट आता पुण्यात असतो. ते डेमो, अर्धवट सोडलेले टेक आणि लाइव्ह रेकॉर्डिंग एकत्र करून तो अल्बम काढतोय. आम्हाला विचारलंही नाही. म्हणतो, ‘टेप माझ्याजवळ हाईत, मशीन माझं होतं.’ लेखी काहीच नाही. आमचा ड्रमर गेल्या वर्षी वारला. काय करावं?

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या फोटोंत मला सगळ्यात मोलाची वाटली ती पिवळी पडलेली पावती. बँडचं नाव, ‘6 तास, रु. 900 मिळाले’ आणि खाली त्या रेकॉर्डिस्टची सही. ती आजच प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद टिकत नाही.

एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल ज्यांनी रचली त्यांचा एक. तो हयातभर आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांचा दुसरा. तिसरा ध्वनिमुद्रणाच्या निर्मात्याचा. कॉपीराइट कायदा 1957 प्रमाणे निर्माता म्हणजे मुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. मशीन कोणाचं होतं याला महत्त्व नाही. डेमोचे पैसे तुम्ही भरलेत, वेळ तुम्ही ठरवलीत, गाणी तुमची. तो भाड्याने काम करून देणारा होता आणि पावती तेच सांगते. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम 19 प्रमाणे सहीचा लेखी करार लागतो. तो झालेलाच नाही.

लाइव्ह टेपांचं मात्र एवढं सोपं नाही, हे स्पष्ट सांगतो. मंडळाच्या मांडवात त्याने स्वतःहून मिक्सरला वायर जोडून टेप केलं असेल, तर त्या मुद्रणापुरता निर्माता मीच, असं तो म्हणू शकेल. पण तुमच्या संमतीशिवाय ते बाजारात आणता येणार नाही. कलाकाराचा हक्क प्रयोगाच्या पुढच्या वर्षापासून 50 वर्षं चालतो. 2000 च्या गणपतीतलं वादन 2050 अखेरपर्यंत सुरक्षित आहे.

‘त्या टेकमध्ये माझा सूर गेलाय, लाज वाटते,’ असंही तुम्ही लिहिलंय. समजू शकतो. पण दावा त्यावर उभा करू नका. प्रतिष्ठेला धक्का देणारी मोडतोड केली तर कलम 38ब कामाला येतं. कच्चा टेक आहे तसाच लावला, तर ती मोडतोड ठरवणं कठीण. तुमचं बळ संमती न घेण्यात आहे.

पुण्याला खेटे घालावे लागणार नाहीत. कलम 62 मुळे फिर्यादी राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात, म्हणजे बेळगावातच, दावा लावता येतो. मराठी कागदांना कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा. अल्बम अजून आलेला नाही, म्हणून आधी वकिलाची नोटीस. दाद दिली नाही तर मनाई हुकमाचा अर्ज. त्याने तरीही ऑनलाइन टाकलाच, तर त्या प्लॅटफॉर्मकडे लेखी तक्रार करा. नियमाप्रमाणे 36 तासांत ते बंद व्हायला हवं, पण फक्त 21 दिवसांसाठी. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणला नाही, तर ते पुन्हा चालू करता येतं. म्हणून अर्ज तयार ठेवा.

लाइव्हमध्ये तुम्ही वाजवलेली दोन इंग्रजी गाणी तुमची नाहीत. पुढे तुम्ही स्वतः अल्बम काढलात तरी मूळ हक्कदारांच्या परवानगीशिवाय ती घेऊ नका.

आणि नोटिशीच्या आधी एक काम. ड्रमरचा वाटा त्याच्या वारसांकडे गेलाय. तुम्ही तिघे आणि त्याची पत्नी, मुलं यांच्या सह्यांचं एक पत्र करा, नाहीतर उद्या समोरचा वकील तिथेच बोट ठेवेल. पण फोनवर सह्या मागू नका. तुमच्याकडच्या कॅसेटवर गाणं सुरू व्हायच्या आधी ड्रमर ‘एक, दोन, तीन, हां’ म्हणतो, असं तुम्ही लिहिलंत. एखाद्या जाणकाराकडून ती कॅसेट डिजिटल करून घ्या, निपाणीला वहिनींकडे जा आणि आधी त्यांना ते ऐकवा. पत्र मग काढा.