डोमेन तुमचं, तर मेलवरची सहीही तुमचीच हवी

मराठवाड्यातल्या वाचकांच्या पत्रांत या वेळी एकच विषय पुन्हा पुन्हा आलाय: स्वतःच्या डोमेनवरून जाणाऱ्या मेलची डिजिटल सही, म्हणजे डीकेआयएम. मेल सोडताना सर्व्हर आपल्याजवळच्या खासगी किल्लीने सही करतो. तिच्या जोडीची सार्वजनिक किल्ली डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, असते. मेल घेणारा सर्व्हर तिच्यावरून सही ताडून पाहतो.

वाळूज एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. पुण्याच्या कंपनीला पाठवलेली कोटेशनं स्पॅममध्ये जातात. होस्टिंगवाल्याने सीपॅनलमध्ये डीकेआयएम चालू करून दिलंय, तरी फरक नाही.

आधी एक मेल स्वतःच्याच जीमेलवर पाठवा. तो कॉम्प्युटरवर उघडून तीन टिंबांच्या मेनूतलं ‘शो ओरिजिनल’ निवडा. वरच्या तक्त्यात एसपीएफ (तुमच्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, त्याची यादी), डीकेआयएम आणि डीमार्क (तपासणीत नापास मेलचं काय करायचं, तो नियम) यांचा निकाल दिसतो. डीकेआयएमची ओळच नसेल, तर सही होतच नाहीये. ओळ आहे पण ‘पास’ नाही, तर डीएनएस तपासायला घ्या. डोमेन एकाकडून, होस्टिंग दुसऱ्याकडे आणि नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी जगाला दाखवणारे सर्व्हर) तिसरीकडे, असा कारभार आपल्याकडे सर्रास असतो. अशा वेळी सीपॅनलमधला रेकॉर्ड बाहेर कुणालाच दिसत नाही. नेमसर्व्हर जिथे आहेत, तिथे तो टेक्स्ट रेकॉर्ड हाताने टाकावा लागतो.

टाकताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. बरीच पॅनेल रेकॉर्डच्या नावापुढे डोमेन आपणहून जोडतात. तुम्हीही पूर्ण नाव लिहिलंत, की डोमेन दोनदा लागतं आणि रेकॉर्ड सापडत नाही. दुसरं म्हणजे २०४८ बिटांची किल्ली लांब असते आणि टेक्स्ट रेकॉर्डचा एक तुकडा २५५ अक्षरांपलीकडे जात नाही. पॅनेल स्वतः तोडत नसेल, तर ती वेगवेगळ्या अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून द्या. त्यापेक्षा १०२४ ची छोटी किल्ली टाकू, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. १०२४ अजून चालते, पण २०१८ पासून शिफारस २०४८ चीच आहे.

सही पास झाली म्हणजे इनबॉक्सची हमी मिळाली, असं नाही. मात्र फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम यांतलं एक तरी लागतंच. तुम्ही दोन्ही करा.

सही असली की मेल वाटेत कुणाला वाचता येत नाही ना? (बीड)

वाचता येतो. सहीने मजकूर झाकला जात नाही, त्यात फेरफार झाला तर कळतं. गोपनीयतेसाठी एन्क्रिप्शन वेगळं लागतं.

लातूरला आमचे क्लासेस आहेत. पालकांना निकाल एका बल्क मेल सेवेतून जातात. सही पास दिसते, पण डीमार्क फेल.

सही पास आहे, पण ती कुणाच्या नावाची आहे? ‘शो ओरिजिनल’मध्ये डीकेआयएमपुढे डोमेन लिहिलेलं असतं. तिथे बहुधा त्या सेवेचं नाव असेल. डीमार्कला प्रेषकाच्या पत्त्यातलं डोमेन आणि सहीतलं डोमेन जुळलेलं लागतं, नाहीतर एसपीएफचं तरी जुळावं लागतं. सेवेच्या सेटिंगमध्ये ‘डोमेन ऑथेंटिकेशन’ शोधा आणि ती देईल ते रेकॉर्ड डीएनएसमध्ये टाका. एका डोमेनवर वेगवेगळ्या सिलेक्टरच्या (सिलेक्टर म्हणजे किल्लीला दिलेलं नाव) कितीही किल्ल्या नांदू शकतात, त्यामुळे ऑफिसच्या मेलची किल्ली काढू नका. एसपीएफचा रेकॉर्ड मात्र एकच असतो. दुसरा टाकलात, तर दोन्ही निकामी. दिवसाला जीमेलवर ५००० मेल जाणार असतील, तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे तिन्ही सक्तीचे आहेत.

वसमतला हळदीचा व्यापार आहे. आमच्या नावाने ग्राहकाला मेल गेला, ‘बँक खातं बदललंय’ म्हणून. पैसे गेले. आमचं डीकेआयएम चालू होतं. मग हे घडलं कसं?

तुमचं नुकसान वाचून फार वाईट वाटलं. पैसे नुकतेच गेले असतील, तर ग्राहकाला आधी १९३० वर फोन करून तक्रार नोंदवायला सांगा. तासातासाने फरक पडतो.

आता तो मेल मूळ स्वरूपात मागवा. तीन शक्यता आहेत. पत्ता हुबेहूब तुमचा आणि सही नाही, म्हणजे कुणीतरी बाहेरून तुमचं नाव वापरलं. बिनसहीच्या मेलचं काय करायचं, हे डीकेआयएम सांगत नाही. ते काम डीमार्कचं. सुरुवात ‘नन’ने (काहीच कारवाई नको) करा, अहवाल मागवा, तुमची सगळी खरी मेल पास होतायत याची खात्री झाली की ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका) आणि मग ‘रिजेक्ट’ (मेल नाकारा). वर्षानुवर्षं ‘नन’वर ठेवलेल्या डीमार्कने बनावट मेल थांबत नाहीत.

दुसरी शक्यता, पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे असेल. ते वेगळंच डोमेन, आणि त्याची सही बिनचूक पास होईल. तिसरी सगळ्यात वाईट: सही तुमचीच आणि खरी. म्हणजे मेलबॉक्सचा पासवर्ड चोरांच्या हाती आहे. पासवर्ड लगेच बदला, दोन टप्प्यांचं लॉगिन लावा आणि मेलबॉक्समध्ये कुणी गुपचूप फॉरवर्डिंगचा नियम टाकलाय का, ते पाहा. बऱ्याचदा चोर याच वाटेने पुढचीही बिलं वाचत राहतात. खातं बदलल्याचा मेल आला, की आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर फोन करूनच पैसे सोडायचे, हेही सगळ्या ग्राहकांना आजच कळवा.

नांदेडहून: होस्टिंग बदलतोय. जुनी किल्ली लगेच काढू का?

नको. नव्या सर्व्हरसाठी नवा सिलेक्टर लावा आणि जुना रेकॉर्ड आठवडाभर राहू द्या, वाटेतल्या मेलची सही त्यावरून तपासली जाते. त्यानंतर मात्र आठवणीने काढा. जुनी खासगी किल्ली अजून त्या होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवर आहे.